वाचकांचे प्रश्न : आर्जेन्तो यांचा ‘द कार्ड प्लेयर’ निराश का करतो?

प्रश्न : इटालियन भयपट-दिग्दर्शक दारिओ आर्जेन्तो यांचे ‘डीप रेड’ आणि ‘सस्पिरिया’ हे चित्रपट पाहून मी भारावून गेले होते. त्याच अपेक्षेने त्यांचा 2004 सालचा ‘द कार्ड प्लेयर’ पाहिला आणि निराश झाले. चित्रपट असह्य वाटला असे नाही. कथा पुढे सरकत राहते आणि खुनी कोण याची थोडीफार उत्सुकताही राहते. मात्र हा चित्रपट कोणीही केला असता, त्यासाठी आर्जेन्तो लागले नसते, असे सतत वाटत होते. माझ्या पाहण्यात काही राहून गेले, की चित्रपटातच काही कमी आहे?

उत्तर : कमी चित्रपटातच आहे, आणि आपण तिच्यावर बरोबर बोट ठेवले आहे. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे. रोममध्ये एक खुनी तरुणींना पळवून नेतो, त्यांना वेबकॅमसमोर बांधून ठेवतो आणि इंटरनेटवरून व्हिडिओ पोकर खेळण्याचे आव्हान पोलिसांना देतो. पोलीस हरले की त्या स्त्रीचा जीव जातो. स्टेफानिया रोक्का यांनी रंगवलेली निरीक्षक अ‍ॅना मारी आणि एका परदेशी तरुणीच्या खुनामुळे तपासात आलेला, लियम कनिंगहॅम यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी जॉन ब्रेनन हे दोघे मिळून या खुन्याचा माग काढतात. पोकरमध्ये तरबेज असलेल्या रेमो नावाच्या एका तरुणाला पोलीस आपल्या बाजूने खेळायला बसवतात.

या चित्रपटात काय हरवले ते कळण्यासाठी आर्जेन्तो यांच्या पहिल्या चित्रपटापासून सुरुवात करावी लागेल. 1970 साली आलेल्या ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’ या चित्रपटात रोममध्ये राहणारा एक अमेरिकी लेखक रात्री रस्त्याने जात असताना एका कलादालनाच्या काचेआड चाललेला हल्ला पाहतो. मदतीला धावतो, तर दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो. त्याला सगळे दिसते आणि करता काहीच येत नाही. पुढे संपूर्ण चित्रपटभर त्याला एकच गोष्ट छळते : आपण त्या रात्री जे पाहिले त्यात काहीतरी होते, ते आपल्या डोळ्यांनी टिपले आहे, पण आपल्याला त्याचा अर्थ लागलेला नाही. तपास बाहेर कमी आणि त्याच्या स्मरणात जास्त चालतो.

1975 सालच्या ‘डीप रेड’मध्ये हीच कल्पना आर्जेन्तो यांनी पूर्णत्वाला नेली. डेव्हिड हेमिंग्ज यांनी रंगवलेला इंग्रज पियानोवादक एका खुनानंतर त्या घरात धावत शिरतो आणि विचित्र चेहऱ्यांच्या चित्रांनी भरलेल्या बोळातून पुढे जातो. नंतर त्याला वाटू लागते की तिथले एक चित्र नाहीसे झाले आहे. त्या बोळात नेमके काय होते हे मी इथे सांगणार नाही, कारण काही वाचकांनी हा चित्रपट अजून पाहिलेला नसेल. एवढे मात्र सांगणे आवश्यक आहे की जे त्याला दिसले ते आपल्यालाही दिसलेले असते. दिग्दर्शकाने काही लपवलेले नाही, चौकट बदललेली नाही, कॅमेरा खोटे बोललेला नाही. दुसऱ्यांदा चित्रपट पाहताना आपण तो क्षण शोधतो, तो सापडतो, आणि पहिल्या वेळी आपण त्याच्याकडे पाहूनही त्याला पाहिले नव्हते हे जाणवून अंगावर काटा येतो. रहस्यपटात प्रेक्षकाशी इतक्या प्रामाणिकपणे वागणारे आणि तरीही त्याला चकवणारे दिग्दर्शक फार थोडे आहेत.

पुढच्या चित्रपटांतही पाहणे हाच त्यांच्या विचाराचा गाभा राहिला. 1987 सालच्या ‘ऑपेरा’मध्ये खुनी नायिकेला बांधतो आणि तिच्या डोळ्यांखाली सुयांची रांग चिकटवतो, जेणेकरून तिला डोळे मिटता येऊ नयेत आणि समोरचा खून पाहावाच लागावा. भयपट पाहताना डोळ्यांवर हात धरणाऱ्या प्रेक्षकाला उद्देशून केलेले ते विधान आहे. 1996 सालच्या ‘द स्टेंडाल सिंड्रोम’मध्ये नायिका, तीही पोलीस अधिकारीच, फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात चित्रे पाहता पाहता भोवळ येऊन कोसळते. चित्र पाहणाऱ्याला आत ओढून घेते, पाहणे ही सुरक्षित कृती नसते, असे आर्जेन्तो वारंवार सांगत आले आहेत.

आता ‘द कार्ड प्लेयर’कडे वळू. एका बंद खोलीत पोलीस पडद्यासमोर बसलेले आहेत, पडद्यावर एक जिवंत स्त्री किंचाळते आहे, आणि तिला पाहण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. कलादालनाच्या दोन दारांमध्ये अडकलेल्या लेखकाचीच ही अवस्था आहे. काचेच्या जागी संगणकाचा पडदा आला, एवढाच फरक. इंटरनेट घरोघरी पोहोचत असतानाच्या त्या वर्षांत आर्जेन्तो यांच्यासारख्या दिग्दर्शकाला याहून अनुरूप कल्पना सुचणे कठीण होते. म्हणून कल्पना फसली असे मी म्हणणार नाही. कल्पना त्यांच्या घराण्यातलीच होती, तिच्यातून चित्रपट घडला नाही.

तो का घडला नाही याचे उत्तर त्या पडद्यावर काय दिसते यात आहे. वेबकॅमची चौकट लहान आहे, चित्र अस्पष्ट आहे, आणि शेजारी पत्त्यांचा डाव मांडलेला आहे. कॅमेरा त्या स्त्रीकडे क्षणभर पाहतो, मग पत्त्यांकडे, मग पोलिसांच्या चिंताग्रस्त चेहऱ्यांकडे, आणि पुन्हा पत्त्यांकडे. त्या अस्पष्ट चित्रात शोधण्यासारखे काही ठेवलेले नाही. ‘डीप रेड’च्या बोळात जसे होते तसे, नजरेतून निसटलेले आणि नंतर आठवून हादरवणारे काही या वेबकॅमच्या चौकटीत असते, तर हाच चित्रपट वेगळ्या उंचीवर गेला असता. प्रत्यक्षात सुगावे येतात ते शवागारातून आणि प्रयोगशाळेतून. मृतदेहात सापडलेल्या एका बीजावरून तपासाला दिशा मिळते. ही दूरचित्रवाणीवरच्या गुन्हेमालिकांची पद्धत आहे आणि तीत प्रेक्षकाच्या डोळ्यांना काम नसते. तज्ज्ञ सांगतो, आपण ऐकतो.

दुसरी उणीव खेळाच्या निवडीत आहे. पोकर हा खेळ थरारक होतो तो बोलीमुळे आणि चेहऱ्यामुळे. हातात काही नसताना सगळे आहे असे भासवणे, समोरच्याच्या डोळ्यांत शंका शोधणे, पैसे लावताना बोट क्षणभर थबकणे, हे सारे त्या खेळाचे नाट्य आहे. चित्रपटातल्या पोकरमध्ये समोरचा चेहरा दिसत नाही आणि थापही मारता येत नाही. पाने येतात, काही बदलली जातात, ज्याची पाने वरचढ तो जिंकतो. म्हणजे उरतो तो केवळ नशिबाचा भाग. रेमोकडे काही उपजत अंदाजशक्ती आहे असे पटकथा सांगते, पण ती दाखवण्याचा कोणताही मार्ग तिच्याकडे नाही, कारण यदृच्छेने आलेल्या पानांत कौशल्य कसे दाखवणार? एखाद्या स्त्रीचा जीव वाचेल की नाही हे जेव्हा पूर्णपणे योगायोगावर ठरते, तेव्हा प्रेक्षक हळहळू शकतो, पण त्याचा श्वास रोखला जात नाही. श्वास रोखला जाण्यासाठी कोणाच्या तरी निर्णयावर काहीतरी अवलंबून असावे लागते.

शेवटचा प्रसंग याचीच साक्ष देतो. नायिका आणि खुनी रेल्वेच्या रुळांना जखडलेले आहेत, गाडी येते आहे, आणि दोघे मांडीवरच्या संगणकावर अखेरचा डाव खेळत आहेत. कागदावर हा प्रसंग धाडसी वाटतो. पडद्यावर मात्र आपण पुन्हा पाने उलटण्याची वाट पाहत बसतो.

चित्रपटात एक अस्सल प्रसंग आहे आणि त्याचा उल्लेख केला नाही तर अन्याय होईल. अ‍ॅना रात्री घरात एकटी असते आणि कोणीतरी आसपास आहे याची तिला चाहूल लागते. काही मिनिटे संवाद थांबतात, पोकर बाजूला राहतो, आणि काळोख, काच, प्रतिबिंब व एका स्त्रीची सावध हालचाल एवढ्यावर चित्रपट चालतो. तेवढ्या मिनिटांत हा चित्रपट कोणाचा आहे हे निःसंशय कळते. असा हात अजून शाबूत असताना बाकीचा चित्रपट इतका सपाट व्हावा याचे मला खरोखर वाईट वाटते.

प्रश्न : मला या चित्रपटात सर्वाधिक खटकले ते त्याचे फिकट, रंगहीन रूप. ‘सस्पिरिया’चे लाल-निळे रंग ज्यांनी निर्माण केले तेच हे दिग्दर्शक आहेत यावर विश्वास बसत नाही. छायालेखक कमी पडला असे म्हणता येईल का?

उत्तर : तसे म्हणणे योग्य होणार नाही. ‘द कार्ड प्लेयर’चे छायालेखन बेन्वा देबी यांचे आहे. त्याआधी 2002 साली गास्पर नोए यांच्या ‘इर्रेव्हर्सिबल’वर त्यांनी काम केले होते, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्यास जागा नाही. या चित्रपटात कृत्रिम प्रकाश शक्य तितका टाळायचा आणि उपलब्ध उजेडातच चित्रण करायचे असे ठरवले गेले होते. म्हणजे हे फिकेपण जाणीवपूर्वक निवडलेले आहे.

‘सस्पिरिया’मागची मेहनत लक्षात घेतली की दोन्हींतले अंतर कळते. 1977 सालच्या त्या चित्रपटात छायालेखक लुचानो तोवोली यांनी रंगीत दिव्यांचा झोत कापडाच्या आणि मखमलीच्या चौकटींतून गाळून नटनट्यांच्या चेहऱ्यांच्या अगदी जवळून सोडला, आणि प्रती काढताना टेक्निकलर या कंपनीची रंग ठसवण्याची जुनी पद्धत वापरली गेली, जी तोपर्यंत जवळपास मोडीत निघाली होती. तो गडद लाल रंग त्या साऱ्या खटाटोपातून आला आहे.

तरीही रंग नाहीत म्हणून चित्रपट फसला, असा निष्कर्ष काढण्याआधी 1982 सालचा ‘टेनेब्रे’ आठवावा. छायालेखक पुन्हा तोवोलीच. त्या चित्रपटात सावल्या जवळजवळ नाहीतच. रोममधल्या आधुनिक, पांढऱ्याशुभ्र इमारती आणि लख्ख उजेड यांच्यामध्ये खून होतात, आणि लपायला कुठे जागा नाही ही भीती त्या उजेडातूनच निर्माण होते. त्यातला एक दीर्घ प्रसंग प्रसिद्ध आहे : लूमा क्रेनवर, म्हणजे दुरून हलवता येणाऱ्या यारीवर बसवलेला कॅमेरा एका घराच्या भिंतीवरून, खिडक्यांवरून, छपरावरून सरकत सलग पलीकडच्या बाजूला उतरतो, आणि आपण कोणाच्या नजरेने पाहतो आहोत हे कळेनासे होते. तेव्हा प्रकाश साधा असूनही चित्रपट झपाटून टाकू शकतो, मात्र त्या प्रकाशात काय दाखवायचे आणि कॅमेऱ्याने कुठून पाहायचे याचा तितकाच कठोर विचार हवा. ‘द कार्ड प्लेयर’मध्ये रंग सोडून दिले आणि त्यांच्या जागी दुसरे काही आणले नाही. कॅमेरा बहुतेक वेळ बोलणाऱ्या माणसाकडे पाहत उभा राहतो. मला हे रंगांच्या अभावापेक्षा अधिक गंभीर वाटते.

प्रश्न : पात्रांचे ओठ आणि संवाद जुळत नाहीत, आवाजही त्यांचे वाटत नाहीत. हा निष्काळजीपणा आहे का?

उत्तर : इटलीत कित्येक दशके चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण होत नसे किंवा झाले तरी ते अंतिम चित्रपटात वापरत नसत, सर्व संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. देशोदेशीचे नट एकाच दृश्यात आपापल्या भाषेत बोलत आणि प्रत्येक देशासाठी वेगळी ध्वनिपट्टी तयार होई. आर्जेन्तो यांच्या सर्वोत्तम चित्रपटांतही हेच आहे, आणि ‘सस्पिरिया’त तो परकेपणा दुःस्वप्नाला पोषकच ठरतो. ‘द कार्ड प्लेयर’ वास्तवाच्या जवळ जाऊ पाहतो, पोलीस ठाण्यातले रोजचे बोलणे दाखवतो, आणि म्हणून तिथे हाच परकेपणा रसभंग करतो. शक्य असल्यास इटालियन ध्वनिपट्टी निवडून उपशीर्षकांसह पाहावा. पुष्कळ फरक पडतो.

प्रश्न : एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाची घसरण का झाली? वय, पैसा, की जुने सहकारी सोडून गेले म्हणून?

उत्तर : वयाचे कारण मला पटत नाही. आर्जेन्तो यांचा जन्म 1940 चा आहे, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा ते चौसष्टीच्या आत-बाहेर होते, आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, 2001 साली, त्यांनी ‘स्लीपलेस’ केला होता. मॅक्स फॉन सिडो यांनी त्यात एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. तो चित्रपट उत्तरार्धात सैल पडतो, तरी त्याच्या सुरुवातीचा रात्रीच्या आगगाडीतला पाठलाग त्यांच्या उत्तम प्रसंगांच्या पंक्तीत बसेल असा आहे.

पैशाचे आणि उद्योगाचे कारण अधिक खरे आहे. आर्जेन्तो ज्या इटालियन चित्रपटसृष्टीत वाढले ती अशा चित्रपटांची अखंड निर्मिती करणारी सृष्टी होती. ज्या प्रकाराला जाल्लो म्हणतात, म्हणजे मोन्दादोरी प्रकाशनाच्या पिवळ्या मुखपृष्ठांच्या रहस्यकथांवरून नाव पडलेला खूनपटांचा प्रकार, त्याचा पाया दिग्दर्शक मारिओ बावा यांनी 1963 आणि 1964 साली घातला. आर्जेन्तो यांच्या पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात अशा चित्रपटांची लाट आली. हातमोजे घातलेला खुनी, तीक्ष्ण शस्त्र आणि चुकीचे आठवणारा साक्षीदार हे सगळे तेव्हा प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले. 1976 नंतर खासगी दूरचित्रवाहिन्यांना वाट मोकळी झाली, प्रेक्षक घरी बसून चित्रपट पाहू लागला, आणि ऐंशीच्या दशकात ही सृष्टी आटत गेली. नव्वदच्या दशकापर्यंत आर्जेन्तो यांच्याभोवती ना स्पर्धक उरले होते, ना तो कारागीरवर्ग, ना तो प्रेक्षक. आपल्या प्रकारात एकटे उरलेल्या दिग्दर्शकाला कोणाशी ताडून पाहता येत नाही, आणि कोणाला मागे टाकायचे आहे ही ईर्षाही राहत नाही. याचा परिणाम कलाकृतीवर होतो असे मला वाटते.

सहकाऱ्यांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. अभिनेत्री दारिया निकोलोदी यांनी ‘सस्पिरिया’ची पटकथा आर्जेन्तो यांच्यासह लिहिली आणि त्या चित्रपटातली परीकथेसारखी अद्भुतता बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे आली, पुढे दोघे वेगळे झाले. 1980 सालच्या ‘इन्फर्नो’च्या दृश्यपरिणामांना स्वतः बावा यांनी हातभार लावला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अशी माणसे पुन्हा मिळत नाहीत. परंतु ‘द कार्ड प्लेयर’च्या श्रेयनामावलीत जुनी नावेही आहेत. ‘गोब्लिन’ या वाद्यवृंदाचे क्लाउदिओ सिमोनेत्ती इथे संगीतकार आहेत. सहलेखक फ्रांको फेर्रिनी 1985 सालच्या ‘फेनोमेना’पासून आर्जेन्तो यांच्यासोबत आहेत. रंगभूषेतले सर्जिओ स्तिवालेत्ती हेही जुनेच. सिमोनेत्ती यांचे धडधडणारे इलेक्ट्रॉनिक संगीत चांगले आहे, इतके की चित्रापेक्षा संगीतच पुढे धावते आणि पत्ते उलटण्याच्या दृश्यांना ते एकटेच ओढत नेते. तेव्हा जुने लोक सोडून गेले एवढ्यावर घसरणीचे खापर फोडता येणार नाही. याच लोकांना घेऊन ‘स्लीपलेस’ची ती आगगाडी झाली होती. ‘द कार्ड प्लेयर’च्या पटकथेने त्यांना करण्यासारखे फार कमी ठेवले, हे माझे मत आहे.

त्यानंतरची वाटचाल चढ-उताराची आहे आणि उतार अधिक आहेत. 2007 साली ‘मदर ऑफ टिअर्स’मध्ये त्यांनी ‘सस्पिरिया’ आणि ‘इन्फर्नो’ यांच्यापासून चालत आलेली तीन चेटकिणींची कथा पूर्ण केली, पण पहिल्या दोहोंची गूढता त्यात उरली नाही. 2009 सालच्या ‘जाल्लो’त एड्रियन ब्रोडी यांनी तपास अधिकारी आणि खुनी अशा दोन्ही भूमिका केल्या. तो चित्रपट मला ‘द कार्ड प्लेयर’पेक्षाही अधिक निराशाजनक वाटतो, कारण त्यात त्या रात्रीच्या घरासारखा एकही प्रसंग नाही. 2012 सालच्या त्रिमितीतल्या ‘ड्रॅक्युला’बद्दल न बोललेले बरे. 2022 साली आलेला ‘डार्क ग्लासेस’ मात्र जरूर पाहावा. तो परिपूर्ण नाही, पण सूर्यग्रहणाने सुरू होणाऱ्या त्या चित्रपटात नायिकेची दृष्टीच जाते, आणि आयुष्यभर पाहण्याविषयी चित्रपट करत आलेल्या दिग्दर्शकाने वयाच्या ऐंशीनंतर न दिसण्याकडे वळावे, याने मी हेलावून गेलो.

प्रश्न : आपण या दिग्दर्शकाची इतकी स्तुती करता, पण त्यांच्या चित्रपटांत स्त्रियांवर होणारी हिंसा मला सहन होत नाही. ‘द कार्ड प्लेयर’मध्ये ती तुलनेने कमी आहे. मग चाहत्यांना तो आवडत नाही याचे खरे कारण हेच तर नाही?

उत्तर : काही चाहत्यांच्या बाबतीत ते कारण असू शकेल आणि ते मान्य करायला हवे. आर्जेन्तो यांच्या चित्रपटांतले खून नृत्यासारखे बांधलेले असतात, आणि सुंदर केलेली हिंसा पाहण्यात आनंद वाटावा ही गोष्ट अस्वस्थ करणारीच आहे. खुन्याचे हातमोजे घातलेले हात पडद्यावर दिसतात तेव्हा ते पुष्कळदा स्वतः आर्जेन्तो यांचे असतात, हेही सर्वज्ञात आहे. हा आक्षेप त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. ‘टेनेब्रे’च्या सुरुवातीलाच एक स्त्री पत्रकार रहस्यकथाकार असलेल्या नायकाला, तुमच्या कादंबऱ्या स्त्रीद्वेष्ट्या आहेत, असे तोंडावर सांगते. चित्रपट त्या आक्षेपाचे पूर्ण उत्तर देतो असे मला वाटत नाही, मात्र तो टाळतही नाही.

‘द कार्ड प्लेयर’मध्ये मृत्यू बहुतेक वेळा चौकटीबाहेर किंवा अस्पष्ट चित्रात होतात, ही संयमाची निवड मला आदरणीय वाटते. भयपटाला रक्त लागतेच असे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या स्त्रियांना वेबकॅमसमोर बांधले आहे त्यांना चित्रपट नाव आणि किंचाळी यांपलीकडे फारसे काही देत नाही. त्या कोण होत्या, त्यांना काय वाटत होते, हे जाणून घेण्यास तो थांबत नाही. आणि मग शवागाराच्या टेबलावर त्यांचे मृतदेह मात्र पांढऱ्या उजेडात जवळून, तपशिलाने दाखवतो. जिवंतपणी दुर्लक्ष आणि मृत्यूनंतर इतके लक्ष, हा उलटा क्रम मला त्यांच्या कोणत्याही रक्तरंजित दृश्यापेक्षा अधिक निष्ठुर वाटतो. ‘डीप रेड’मधली दारिया निकोलोदी यांची पत्रकार किंवा ‘सस्पिरिया’तली जेसिका हार्पर यांची नृत्यविद्यार्थिनी आठवा. त्या घाबरतात, पण त्यांना बुद्धी आहे, विनोद आहे, हट्ट आहे. अ‍ॅना मारीलाही तसे घडवता आले असते. स्टेफानिया रोक्का यांचा संयत अभिनय ती शक्यता वारंवार दाखवतो. तिच्या वडिलांच्या जुगाराचा धागा पटकथा उचलते, त्यामुळे पत्त्यांविषयीच्या तिच्या तिटकाऱ्याला अर्थ येऊ लागतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी कथा दुसरीकडे वळते.

प्रश्न : आर्जेन्तो यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’पासून करावी. छायालेखन वित्तोरिओ स्तोरारो यांचे आणि संगीत एन्निओ मॉरिकोने यांचे आहे. पहिल्याच चित्रपटाला असे सहकारी क्वचित कोणाला लाभले असतील. त्यानंतर ‘डीप रेड’, मग ‘सस्पिरिया’, ‘टेनेब्रे’ आणि ‘ऑपेरा’. ‘द कार्ड प्लेयर’ त्यांच्यानंतरच पाहावा, म्हणजे त्या एका रात्रीच्या प्रसंगाची ओळख पटेल.

आवृत्ती निवडताना दक्षता घ्यावी. ‘डीप रेड’ची मूळ इटालियन आवृत्ती सुमारे 126 मिनिटांची आहे, परदेशांसाठी काढलेल्या आवृत्तीत वीसहून अधिक मिनिटे कापली गेली आणि त्यात नायक व पत्रकार यांच्यातले बरेचसे हलकेफुलके प्रसंग गेले. ‘फेनोमेना’ अमेरिकेत ‘क्रीपर्स’ या नावाने बरीच काटछाट करून दाखवला गेला, तेव्हा त्या नावाची प्रत मिळाल्यास ती बाजूला ठेवून पूर्ण लांबीची शोधावी. आणि ‘सस्पिरिया’ मागवताना वर्ष पाहून घ्यावे : 2018 सालचा त्याच नावाचा चित्रपट लुका ग्वादान्यीनो यांचा आहे, त्याचा बाज पूर्णपणे निराळा आहे, आणि तो आधी पाहिला तर 1977 सालच्या चित्रपटाविषयी चुकीची अपेक्षा तयार होईल.